एका घरातले दोन शीतल

मी, नेमगोंडा रायगोंडा चौगुले, वय ७३, निवृत्त मुख्याध्यापक, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे कामातून गेलेत, डोकं मात्र जागेवर आहे. खात्री करायची असेल त्याने एकोणतीसचा पाढा विचारावा. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. माझी पत्नी बाळाबाई १९९४ साली वारली. एकुलता मुलगा शीतल ऑगस्ट २००१ मध्ये मलकापूरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून गेला. मागे त्याची बायको, म्हणजे माझी सून, आणि पुतण्या धैर्यशील, एवढेच आहेत.

२. गावाकडची जमीन मी पूर्वीच धैर्यशीलच्या नावे केली आहे. त्याखेरीज माझी सायकल त्याला द्यावी. ती त्याने १९९२ साली दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती, त्यामुळे पोहोच करण्याचा त्रास नाही.

३. राहतं घर, दोन खोल्या व मागची मोरी, माझ्या पगारातून घेतलेलं आहे. ते, आतील सामान आणि पोस्टातली ठेव, सर्व सुनेला. पण सुनेचं नाव काय, यावरूनच धैर्यशील कोर्टात जाणार आहे. दिवाळीला आला तेव्हा तोंडावर म्हणाला, “काका, कागदावर शीतल लिवलासा तर शीतल मेलाय म्हणून सांगीन. वर्षाराणी लिवलासा तर तिच्या शाळेच्या दाखल्यावर त्ये नावच न्हाय. परजातीची पोरगी, घर कशी घेती बघतो की.” म्हणून पुढचा खुलासा लांबला तरी वाचणाऱ्याने मधेच सोडू नये.

४. शीतल म्हणजे थंड, शांत. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यामुळे आम्हा जैनांत हे नाव मुलाचं. शाळेचं जनरल रजिस्टर मी चौतीस वर्षं स्वतःच्या हाताने लिहिलं. सुरुवातीच्या वीसेक वर्षांत त्यात शीतल नावाचे अकरा विद्यार्थी, सगळे मुलगे, सगळे आमच्या समाजातले. पंचाहत्तरनंतर इतर समाजांतून याच नावाच्या मुली येऊ लागल्या. पंच्याऐंशी साली तर चौथीच्या एका वर्गात तीन मुली शीतल आणि मागच्या बाकावर मगदुमांचा एक मुलगा शीतल. मुली हसतात म्हणून तो हजेरीला ओ द्यायचा नाही. नाव बदलून द्या म्हणत त्याचा बाप आला. मी बापाला परत पाठवलं आणि मुलाला सांगितलं, नाव तुझं आहे, मान वर करून ‘हजर’ म्हण. तो म्हणू लागला. एवढं शहाणपण मी शाळेत वापरलं. घरी वापरलं नाही.

५. माझ्या मुलाने १९९७ साली कचेरीतल्या सहकारी मुलीशी लग्न ठरवलं. मलकापूरच्या धोंडीराम भोपळे यांची मुलगी, मराठा, नाव शीतल. जातीला मी हरकत घेतली नाही. नावाला घेतली. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. मग हिने चारचौघांत स्वतःचं नाव सांगायचं कसं? आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा हा मला फार मोठा पेच वाटला. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मी ठरवलेलं ‘वर्षाराणी’ हे नाव मुलाने अंगठीने लिहिलं. माझ्याकडे न बघता लिहिलं. रेशनकार्डावर मीच ते चढवून आणलं, आणि काम लवकर झालं म्हणून येताना पेढे आणले.

आतल्या खोलीत मुलगा तिला तिच्या मूळ नावानेच हाक मारायचा. मी बाहेरून खाकरायचो.

६. मुलगा गेल्यावर वर्षभराने मी तिला म्हटलं, आता तुझं नाव परत लाव. ती म्हणाली, “आण्णा, ते हुते तवा लावू दिलं न्हाईसा. आता ते गेल्यावर मोकळं झालं व्हय नाव?” त्या दिवशीही तिने वेळेवर माझ्या डोळ्यांत औषध घातलं. मी तिचा अपराधी आहे. हे बक्षीस नसून मी केलेल्या चुकीची भरपाई आहे, आणि तीही अपुरी.

७. सबब जाहीर करतो की, धोंडीराम भोपळे यांची कन्या शीतल आणि रेशनकार्डावरची वर्षाराणी ही एकच बाई असून घर तिचं आहे. तिने पुन्हा लग्न केलं तरी तिचंच. धैर्यशीलने माझ्या तेराव्याला या विषयावर तोंड उघडू नये, जेवून जावं.

८. आज सकाळी वकीलसाहेब म्हणाले, सूनबाईंना बोलवा, साक्षीदारांनी त्यांना ओळखलं पाहिजे. मी बसल्या जागेवरून “शीतल” अशी हाक मारली. सात वर्षांत पहिल्यांदा. आतला भांड्यांचा आवाज थांबला, पण कोणी आलं नाही. शेजारचे सयाजीराव माझा हात धरून हळूच म्हणाले, “मास्तर, पोरगं गेलंय न्हवं.” मी दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हा ती दारात आली.

“आण्णा, मला बोलावलासा?”

“व्हय. तुलाच.”

वकीलसाहेबांनी तिला पूर्ण नाव विचारलं. ती म्हणाली, “शीतल शीतल चौगुले.” साहेबांना वाटलं, चुकून दोनदा म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने. रजिस्टरात नोंद करावी तसं ते मी इथे माझ्या अक्षरात लिहितो: शीतल शीतल चौगुले.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, खाली सही करतो.

नेमगोंडा रायगोंडा चौगुले

लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर सही केली व आम्ही त्याच्यासमोर:
१. सयाजी पिराजी साळोखे, शिवाजी पेठ
२. आकाराम केरबा जाधव, निवृत्त शिक्षक

कोल्हापूर, दि. ९ डिसेंबर २००४