दिल्ली ते शिकागो, मधात कुठं न थांबता

६ नोव्हेंबर २००६, बोरी अरब
तिकीट आलं. नागपूर, दिल्ली, शिकागो. वैशूच्या बाळंतपणाची तारीख महिनाअखेरची, म्हणजे मी वेळेआधीच पोचते. पहिली खेप, अन् तिथं पोरीजवळ जावयाशिवाय कोणी नाही.
दिल्लीहून पंधरा तास. मधात थांबतच नाही म्हणे! पाय कुठं मोकळे कराचे?

८ नोव्हें.
अंगणवाडी सुटल्यावर शेजारच्या शाळेत गेली. भिंतीवरच्या नकाशात दिल्लीहून डावीकडं सरळ गेलं तर वाळवंट, मग समुद्र, मग अमेरिका. पण विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारे सलीमभाई, ते सौदीत राहून आलेले, म्हणाले, "नाही भाभी, अमेरिकेचं विमान वरून जाते, बर्फावरून." पटेना. गुरुजींचा पृथ्वीचा गोल मागून आणला. दिल्लीवर सुतळी धरली, शिकागोपर्यंत ताणली. खरंच वर सरकली! रशिया, मग नुसतं बर्फ. अन् तोच रस्ता जवळचा.
घरी यांना सांगितलं. म्हणे, "पृथ्वी गोल हाये हे पोराईले तूच शिकवतं ना?"
शिकवते. पण तिच्यावरून जायचं कधी डोक्यात नव्हतं.

१३ नोव्हें.
येतानाचा प्रवास जवळपास तासभर कमी. अंतर तेवढंच, मग काहून? जावयाला फोनवर विचारलं. "येताना वारा मागून असतो, आई." एवढ्या मोठ्या विमानाले वाऱ्याचं काय! पण घराकडं लवकर येणं होते, हे आवडलं.
वेचणी चालू. बोंडअळीनं अर्धा कापूस नेला. उरलेला हे दारव्ह्याला नेणार.

१६ नोव्हें., नागपूर
भाऊ सोडायले आला. हे नाही. परवापासून खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगेत. वजनकाटा बंद. तिथून हलले तर नंबर जाते. फोनवर म्हणाले, "तू अमेरिकेत पोचशील तरी मी इथंच राहीन पाह्य." हसले.

तोच दिवस, दिल्ली
बूथवरून यांना फोन लावला.
"जावयाचा फोन आलता. वैशूचं पोट दुखून राह्यलं, दवाखान्यात नेलं."
"आत्ताच? अजून तर दिवस भरले नाही!"
"तू बस विमानात. भिऊ नको."
विमानाचं बोलावणं आलं. चालली.

तारीख? (विमानात)
गावात १७ लागली असंल. वैशूकडं अजून १६च. लेकरू जन्मलं तर कोणती धरायची? समोरच्या पडद्यावर उरलेलं अंतर कमी होऊन राह्यलं, पण इथून फोन लागत नाही.
खिडकीची झडप उचलली. लांब एक लालसर रेघ. सूर्य उगवून राह्यला की मावळून, समजत नाही.
बाजूची पंजाबी बाई. तिले मोडक्या हिंदीत सारं सांगितलं. थोडा डोळा लागला, उठली, तर तिनं विचारलं, "क्या हुआ, लड़का या लड़की?"
म्हटलं, "नीचे सबको मालूम होगा. मेरे को नहीं."