तुमच्या ड्युटीतले गुन्हे

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकत होते, त्यामुळे मी पुढं काय करायला लागले हे तुम्हाला कधी कळलंच नाही. तसं ते जिवंत माणसांनाही नीट कळत नाही. परवा एका लग्नात आत्याच्या दिरांनी विचारलं, "काय करून राह्यली आजकाल?" मी सांगितलं की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कुठं कोणती नशा पसरते आहे, गुन्हे कुठं वाढतात, कुठं घटतात, याचा अभ्यास करते. "म्हंजे पोलिसात?" नाही. "मंग दवाखान्यात?" नाही. "मंग पगार कोन देते तुले?" संस्था देते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला आणि ते जिलबीकडं वळले. तुम्ही असता तर तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात सारून नुसते हसला असता. पोरगी व्यसनांचा अभ्यास करणार आणि बाप दिवसभर तंबाखू-सुपारी घोटत बसणार, हे आपल्याच घरात शोभतं.

काम म्हणजे फिरणं. ठाण्यात जायचं, सरकारी दवाखान्यात जायचं, आठवडी बाजारात पानठेल्याशी उभं राहायचं, आणि ऐकायचं. गांजा कोणत्या वाटेनं येतो, कोळशाच्या गावातली पोरं औषधाच्या दुकानातून कोणत्या गोळ्या मागतात, दारूबंदीच्या जिल्ह्यात नदीपलीकडून पेट्या कशा उतरतात. गोंडाच्या घरी देवापुढं मोहाच्या दारूचे दोन थेंब जमिनीवर सांडतात, ते वेगळं. आणि पोलीस दिसताच सडव्याचे, म्हणजे आंबवलेल्या मोहाचे, ड्रम झुडपात लपवणारा धंदेवाला वेगळा. हा फरक समजायला मला वेळ लागला. एक गोष्ट मात्र, समोरच्याचं ऐकून घेणं, नोकरीच्या पहिल्या दिवशीच मला येत होती. ती मी तुमच्या टेबलाजवळ शिकले होते.

मी तेव्हा सातवीत आहे. दुपारी तुमचा डबा घेऊन ठाण्यात येते आणि भिंतीजवळच्या बाकड्यावर पाय हलवत बसते. ठाण्यात कुणीही आलं की आधी तुमच्याकडं यायचं, तुमची ड्युटीच ती. त्या दिवशी एक बाई येते. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, एक डोळा सुजून बंद झालेला. दारातला जमादार तिला सवयीनं सांगतो, "घरी जाय बाई. गावातलं भांडन गावातच मिटवा." तुम्ही मान वर करता आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडं सरकवता. "बस. कुठून आली? आधी पानी पे, मंग सांग. मी लिवतो." बाई बसत नाही. खुर्चीकडं नुसती बघते, बहुतेक आयुष्यात कुणी तिला सरकारी खुर्ची दिली नसावी. मग ती जमिनीवरच टेकते आणि तुम्हीही, चक्क वर्दीत, टेबलाला पाठ लावून तिच्यासमोर खाली बसता. गावातल्या दारूवाल्यानं तिला मारलं होतं, कारण तिनं त्याचे ड्रम फोडले होते. तुम्ही सगळं लिहून घेता. डब्यातली भाजी तोवर गार झाली होती, आणि मला तुमचा फार राग आला होता.

वरिष्ठांनाही आला. तुमच्या खात्याचा हिशेब उलटा होता हे मला पुढं कळलं. ठाण्यात गुन्हे कमी लिहिले गेले की साहेबांची पाठ थोपटली जायची, म्हणून आलेल्या माणसाला समजावून परत पाठवणं हीच हुशारी. तुम्हाला ती हुशारी कधी जमली नाही. साहेब आले तेव्हा मी बाहेर चिंचेखाली होते आणि खिडकी उघडी होती. "तुमच्याच ड्युटीत एवढे गुन्हे काऊन वाढून राह्यले?" तुमचा आवाज एरवीसारखाच होता. "वाढले नाईत साहेब. दिसून राह्यले." त्यावर साहेब काय बोलले ते ऐकू आलं नाही. महिन्याच्या आत आपली बदली झाली, मुलचेऱ्याच्या बाजूला, रानात.

आई भांडी पोत्यात भरता भरता म्हणत होती, "लिवा अजून! लिवा!" मी रडून घर डोक्यावर घेतलं. माझी शाळा गेली, मैत्रिणी गेल्या. जेवताना मी तोंड वर करून म्हटलं की त्या बाईला घरी पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "ती सकाळपासून पायी आली होती. इथूनच परत पाठवलं असतं तर तिनं मंग कुठी सांगतलं असतं? तूच सांग, कुठी?" तुम्ही माझ्यावर आवाज चढवलात तो तेवढाच.

त्या शिक्षेच्या बदलीनं आपलं भलंच केलं, हे कबूल करायला आईला दोन पावसाळे लागले. तिथं सरकारनं वसवलेल्या निर्वासितांपैकी शेजारच्या बंगाली काकूंनी तिला मोहरी वाटून मासळी करायला शिकवली. तुम्ही चुलीपुढं उकिडवे बसून "अजून थोडी तिखट पायजे" म्हणायचात आणि नाकातोंडातून पाणी आलं की खूश व्हायचात. मी रानातल्या शाळेत माडिया आदिवासी पोरींसोबत बसले, त्यांची भाषा कानावर पडली. आज एटापल्लीकडं गेले की लोक माझ्याशी दोन शब्द जास्त बोलतात ते त्यामुळंच. तुमच्या हट्टाचे मला मिळालेले फायदे मी मोजत बसत नाही, पण आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून आज मानते.

आज आठवण येण्याचं कारण वेगळंच आहे. यंदा आमच्या संस्थेनं नकाशा केला. दारूचे आणि मारहाणीचे गुन्हे जिथं वाढले ते गाव लाल. वैनगंगेकडचं एक गाव सगळ्यात लाल निघालं. ते गाव मला चांगलं ठाऊक आहे. तिथल्या बायांनी संघटना केली, सडवे ओतले, दर वेळी ठाण्यात जाऊन रिपोट दिला. नकाशा छापायच्या आधीच बातमी तिथं पोचली. सरपंचांनी बायांना बोलावून सांगितलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमीच ती उघडून राह्यल्या. लाल गावात पोरगी कोन देईन?" मी गेले तेव्हा बाया समाजमंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांची पुढारी, चार लेकरांची आई, मला म्हणाली, "मॅडम, आमी खरं सांगतलं म्हनून गाव बदनाम होऊन राह्यलं. रिपोट देनं बंद करून टाकू का?" सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी हो म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या आणि पुढच्या वर्षी ते गाव आमच्या नकाशात हिरवंगार झालं असतं.

मी त्यांना थोडं थांबा म्हटलं आणि नागपूरला गेले. आमचे प्रमुख सज्जन आहेत, पण आकड्यांवर त्यांची देवासारखी श्रद्धा. "आकडा वाढला तर वाढला, आपण काय करणार?" मी म्हटलं, "सर, वाढले नाहीत. दिसायला लागलेत." त्यांनी चष्मा काढला. "हे सिद्ध कसं करणार?" मग मी दवाखान्याची माहिती पुढं ठेवली. मार खाऊन येणाऱ्या बायांचं या लाल गावातून येणं कमी झालं होतं. त्या येत होत्या आजूबाजूच्या गावांतून, जिथून ठाण्यात एकही तक्रार नव्हती आणि जी आमच्या नकाशात स्वच्छ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही. सर नकाशा गुंडाळत म्हणाले, "नवीन करू." आता लाल रंग जखमांचा आहे, आणि जिथं लोक तक्रार करायला धजतात त्या गावांना वेगळा रंग. काल त्या पुढारी बाईचा फोन आला. "सरपंच चूप झाले मॅडम. सोमवारी आमी पुन्हा जाऊन राह्यलो ठान्यात." फोन ठेवल्यावर मी आनंदानं रडले, ऑफिसात, सगळ्यांसमोर.

हे पत्र टाकायचं कुठं हा प्रश्नच आहे. तुमची ही शेवटची बदली कुठं झाली ते खात्यानं काही कळवलं नाही. कपाटात ठेवते. पण ठेवण्याआधी एक सांगायला हवं, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. मागच्या हिवाळ्यात चंद्रपुरात बाजारातून येताना मोटरसायकलवरच्या दोन पोरांनी माझ्या गळ्यातली पोत ओढून नेली. मान सोलून निघाली होती. मी तशीच ठाण्यात गेले. टेबलामागं एक तरुण हवालदार होता, त्यानं अदबीनं विचारलं, "बोला मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, आणि पदरानं मान झाकून घरी आले. भीती वाटली नव्हती बाबा, लाजही नाही. पायऱ्या चढताना उगाच वाटून गेलं होतं की आत तुम्ही बसलेले असाल.