तीळगुळाच्या पुडीतली नवरी

अहो,

इचोड्याहून आलात की आधी जेवून घ्या. भाकरी टोपल्यात आहे, वांग्याची भाजी शिंक्यावर. मी देवळात आहे.

मासिकवाल्यांनी तुमची गोष्ट परत पाठवली, तेव्हा तुमी रागानं शेवटचं पान चुलीत घातलं अन् बाकीची रद्दीत टाकली. काल हळदीकुंकवाला कागद पुरले नाहीत, म्हणून मी त्याच पानांत तीळगूळ बांधून वाटला. चुकलंच माझं. आज पानं परत मागायला गेले, तर कोणी देईचना! तीळगूळ कवाच संपला, आता साऱ्या जणी पानांसाठी भांडून राह्यल्या. तिसरं पान तर जयवंताबाईंनी उशीखाली दडवलं होतं. शेवटी सगळ्यांना देवळात बसवलं अन् मीच मोठ्यानं वाचून दाखवून राह्यले.

नवरी नावेत बसली, नदीला पूर आला, अन् पुढं पानच नाही.

तुमच्या मदरशाला अजून चार दिवस सुट्टी आहे, पोरांना शिकवायला जायचं नाही. दौत भरून ठेवली आहे. शेवट पुन्हा लिहा अन् इकडं घेऊन या. नवरीला बुडवू मात्र नका. बुडवलीत, तर पुढल्या संक्रांतीला तुमच्याशी कोणी गोड बोलणार नाही, असा साऱ्या गल्लीचा निरोप आहे.

कुमुदिनी