एका नावाचे दोघे

अण्णा,

आज ऑफिसची किल्ली घरमालकाला देऊन आले. शहापुरातल्या भांड्यांच्या दुकानावरची तुमची ती खोली आता कुणा कुरिअरवाल्याला जाणार आहे. तुम्ही पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालात आणि बाकीच्यांसारखं कट्ट्यावर जाऊन बसायचं सोडून 'खाजगी चौकशी' असा बोर्ड लावलात, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. बेळगावात चौकशीला पैसे कोण देतंय, इथं तर ती फुकटात होते, असं म्हणायचे लोक. पण सोयरीक ठरवायला निघालेले बाप हळूहळू जिना चढायला लागले. मुलगा पितो का, कर्जात आहे का, कुणाच्या नादाला लागलाय का. जिथं पुरुषाला उंबऱ्यावरून परत पाठवतात तिथं बाईला आत बोलावून पाणी देतात, म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत. तुमच्या मागं मी तेच करत राहिले. आता दमले. हल्ली लोक येतात ते फोन पुढं करतात आणि म्हणतात, ह्यातनं काय निघतंय बघा. चालत जाऊन, स्टॉपवर उभं राहून, चार घरी बोलून काही कळतं यावर कुणाचा विश्वास नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्या पायांचाही राहिलेला नाही. रिकाम्या खोलीत केर काढताना तुमची आठवण आली. तुमचं शेवटचं आजारपण नाही आठवलं. आठवलं ते मच्छे गावातल्या कारखान्याचं प्रकरण.

खानापूरकडचे ते शेतकरी आले होते, पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवून बसलेले. मुलीचं लग्न ठरलेलं, पत्रिका वाटायला घेतलेल्या, आणि तरी बापाच्या जिवाला घोर. स्थळ मुलीच्या मामानं आणलेलं. मुलगा मच्छ्याच्या एका लोखंड ओतायच्या कारखान्यात, फौंड्रीत, आईबाप नाहीत, एकटाच राहतो, एवढंच माहीत. फोटो मामाकडं राहिलाय म्हणाले. तुम्ही म्हणालात, "नाव हाय, कारखाना हाय, फोटो काय करायचाय?" आडनाव तर आपल्या भागात दर तिसऱ्या घरात सापडणारं. मी दुसऱ्याच दिवशी सिटी बसनं मच्छ्याला गेले. गेटवरच्या वॉचमनला नाव सांगितलं. सुटी झाली, माणसं बाहेर पडायला लागली आणि त्यानं बोट केलं, "त्यो बघा, डब्याची पिशवी घेतलेला."

मी स्टॉपवर उभी आहे. तो येतो, थोडा लांब उभा राहतो. केसांत काळी भुकटी, हाताच्या पाठीवर भाजल्याचा जुना डाग. मी इकडंतिकडं बघतेय हे बघून तोच विचारतो, "कुणाला शोधतासा?" तुम्ही पाठ करून घेतलेलं मी सांगते, की मी टीचर आहे, इथल्या शाळेत लागणार आहे, खोली बघतेय. तो म्हणतो, "एकट्या हिंडू नकासा, टीचर. चला, चार घरं दाखवतो." आणि तो खरंच दाखवायला लागला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. कुठं पाण्याचा त्रास, कुठं मालकीण कजाग, कुठं माडीचा जिना पडायला आलेला. दिवस मावळायच्या आत मला बसमध्ये बसवायचा आणि बस हलेपर्यंत थांबायचा. खानावळीतल्या म्हातारीची घागर न सांगता उचलून ठेवायचा. कणकुंबीच्या पलीकडं जंगलातल्या वाडीत त्याची आई होती, पाऊस लागला की तिकडची वाट बंद होते म्हणून आभाळ भरून आलं की त्याचा चेहरा उतरायचा. मी डागाबद्दल विचारलं तर हसून म्हणाला, "लोखंड चावतंय कधी कधी."

एकदा धीर करून मी विचारलं, "लग्न झालंय काय?" तो म्हणाला, "न्हाय ओ. फौंड्रीतल्या माणसाला कोण पोरगी देतंय." खानापुरात मांडवाची तयारी चाललेली आणि हा असं म्हणतो. मला त्या क्षणी त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. 

आई गेल्यापासून स्वयंपाक आपण दोघं मिळून करायचो. त्या दिवशी तुम्ही कांदा चिरत होतात आणि मी भाकरी थापत होते. "हं, सांग," तुम्ही म्हणालात. आपलं सगळं तोंडी असायचं. कागद उद्या कुणाच्या भांडणात निघेल सांगता येत नाही, म्हणायचात. मी सांगितलं, निर्व्यसनी, कष्टाळू, स्वभावाचा मऊ. ठरलेलं लग्न तेवढं लपवतोय. बोलता बोलता मी मनगटानं डोळे पुसले.

"कांदा मी चिरतोय," तुम्ही म्हणालात, "आणि रडतीस तू?"

तुम्ही विळी बाजूला सारलीत. "सगळ्या बाजूंनी सरळ असलेला माणूस एवढंच खोटं कशाला बोलंल? आणि आई न्हाय म्हणून सांगितलंय आपल्याला. ही कणकुंबीची आई कुठनं आली?" मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "एवढं तुला दिसायला पाहिजे होतं. आवडलेल्या माणसाची चौकशी होत न्हाय, पोरी. उद्यापासनं तू मच्छ्याला जायचं न्हाय." तुम्ही आवाज चढवला नव्हता, पण मी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत मान वर केली नाही.

तुम्ही मामाकडून फोटो आणलात, वॉचमनला दाखवलात. "ह्यो डिस्पॅचमधला. ह्या नावाचे दोघं हाईत आमच्यात," तो म्हणाला. शनिवारी त्या दुसऱ्याच्या मागं तुम्ही रेल्वेनं लोंढ्याला गेलात. रविवारी दुपारी परत आलात आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात. "नाव एक, आडनाव एक. तुझा तो न्हवं." 'तुझा तो' म्हणालात, अण्णा. मला हसू फुटणार होतं, पण तुमचा चेहरा बघून थांबले. लोंढ्याला स्टेशनमागं त्या दुसऱ्याची बायको होती. नवरा कामामुळं शनिवारीच येतो असं समजून ती राहत होती. तुम्हाला रेल्वेचा माणूस समजून तिनं चहा दिला होता. "साखर नव्हती घरात," तुम्ही म्हणालात, "शेजारनं आणून घातली." तेवढं सांगून किती तरी वेळ तिथंच उंबऱ्यावर बसलात.

खानापूरला जायला मलाही बरोबर नेलंत. मुलीचा बाप आधी ऐकूनच घेईना. "लग्न तोंडावर आलंय आणि आता सांगताय व्हय हवालदार? इतके दिवस काय करत होता?" तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय. फोटो मी तवाच मागायला पाहिजे होता. भलत्याच माणसाच्या मागं लागलो." माझं नाव निघू दिलं नाहीत. तो ओरडत राहिला, पत्रिका गेल्या, पाहुण्यांत तोंड कसं दाखवू, लोंढ्याची बाई खोटं बोलत असंल. तेवढ्यात मुलगी आतून आली. माझ्याच वयाची. तिनं तुम्हाला विचारलं, "त्या बाईला मूल हाय काय?"

"व्हय. एक पोरगी हाय. चालतीय आता."

"मग न्हाय," ती म्हणाली, आणि आत गेली. बाप खाली बसला. त्या घरातून आपण पाणी न पिता निघालो. तिचं पुढं काय झालं हे मला बघू दिलं नाहीत तुम्ही. एकदा तिच्या घरात शिरलो, तेवढं बास, म्हणालात.

मग ते व्हायचं तेच झालं. कुणी बाई आपलं नाव विचारत गेटवर आली होती आणि आपल्याच नावाच्या माणसाबरोबर हिंडत होती, हे त्या दुसऱ्याला वॉचमनकडून कळलं. त्यानं गेटवरच ह्याची, मला खोल्या दाखवणाऱ्याची, गचांडी धरली. लोंढ्याचं तूच फोडलंस म्हणून मारलं. ह्याला कशाचाच पत्ता नाही. मार खाता खाता त्याला एवढंच कळलं, की ती टीचर टीचर नव्हती. दोन दिवसांनी तुमचा पत्ता काढत तो ऑफिसचा जिना चढून आला. ओठ फाटलेला. माझ्याकडं त्यानं बघितलंही नाही. तुम्हाला म्हणाला, "मी काय गुन्हा केलता ओ? खोली शोधत दारोदार फिरलो मी. लोकांच्या हातापाया पडलो हिच्यासाठी."

तुम्ही त्याला खुर्ची दिलीत, चहा मागवलात. "मी पाठवलं तिला. मारायचं तर मला मार." तो खुर्चीत टेकला. मग, अण्णा, तुम्ही जे केलंत ते तुम्हाला तिथल्या तिथं सुचलं की जिन्यावर त्याची पावलं ऐकतानाच ठरवलं होतंत, हे मला आजही कळलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तुझी चौकशी झालीय, तर ऐकून तरी जा. सांग गं, काय बघितलंस ते."

मी उभी राहिले. त्याच्यासमोर मी सगळं सांगितलं. घागर सांगितली, आभाळ भरून आल्यावर उतरणारा चेहरा सांगितला, बस हलेपर्यंत थांबणं सांगितलं. हातावरचा डाग सांगितला. "खोली काही मिळाली नाही," असं म्हणून मी थांबले, कारण त्यापुढं सांगण्यासारखं होतं ते बघितलेलं नव्हतं, माझ्याच मनातलं होतं.

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एक चुकलंय ह्यात. खोली मिळालती. दुसऱ्याच दिवशी. देवळाजवळची. मालकीण कजाग हाय म्हणून मीच खोटं सांगितलं."

"का रं?" तुम्ही विचारलंत.

"मिळाली म्हटलं असतं तर शोधायचं संपलं असतं की."

तुम्ही खिडकीकडं तोंड करून उभे राहिलात.

ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते म्हणाले, कादंबरी होईल. होईलही. पण कादंबरी इथं थांबते. आमचं लग्न झालं, तुम्ही नातीला मांडीवर घेतलंत आणि गेलात, फौंड्रीचे मालक बदलले, यांचे गुडघे गेले. यंत्रांच्या आवाजानं कानही गेले. आता यांना काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगावं असं रोज रोज काय असतं? आम्ही वाईट नाही आहोत, अण्णा. दुपारी दोघं जेवतो, हे ताटातली मिरची उचलून माझ्या ताटात ठेवतात, मी खाते. दमलेली माणसं जशी एकत्र राहतात तसे राहतो.

तुमच्या नातीनं आता बंगळूरला तिचं तिचं जमवलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर निपाणीचं. फोनवर तिनं पहिल्यांदा नाव नाही सांगितलं, पहिल्यांदा म्हणाली, "आई, ह्याची चौकशी करायची नाही. माझी शपथ घे." मी घेतली. यांना ओरडून सांगितलं तर हे म्हणाले, "बरं केलंस. दे आता सोडून ही चौकशी."

म्हणून किल्ली परत केली असं मी सगळ्यांना सांगितलंय. हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, तर उरलेलं तुम्हाला सांगते. गेल्या आठवड्यात कोल्हापूरला मावशीकडं जाते म्हणून बसमध्ये बसले आणि निपाणीला उतरले. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मुलाच्या घराची गल्ली तिथून दिसत होती. चहावाला बोलका होता, मी तोंड उघडायचा अवकाश, त्यानं सगळ्या गल्लीचं सांगितलं असतं. "कुणाकडं आलासा, आक्का?" त्यानं विचारलं. माझ्या जिभेवर आडनाव आलं होतं.

"कुणाकडं न्हाय ओ," मी म्हणाले, "चुकून उतरले." आणि चहा अर्धा ठेवून बेळगावच्या परतीच्या बसमध्ये चढले. मावशी बरी आहे, असं घरी सांगितलंय.