दाराबाहेरचं स्टूल

प्रिय धाकटोबा,

'प्रिय' हे सवयीनं लिहून गेले, त्यावर फार जाऊ नकोस. तुझ्या वाफेच्या खोलीचं गुळगुळीत पत्रक परवा मिळालं, आणि सोबतची चिठ्ठीही. 'ताई, वाफेबद्दल तुझे चार शब्द हवेत. मागच्या पानावर तुझ्या फोटोसकट छापू, खाली लिहू, एकोणीस वर्षांचा अनुभव.' वा रे वा. अकरा वर्षं तुला बहीण आठवली नाही, आणि आता मागचं पान रिकामं राहिलं तेव्हा आठवली. पत्रक मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हाच ते जरा बरं वाटलं होतं. वरच्या चित्रातली ती बाई कुठून पैदा केलीस? वाफेत बसलीय, केस कोरडे, डोळ्यांत काजळ जागच्या जागी, आणि हसतेय. एकोणीस वर्षांत आत बसून हसणारं माणूस मी पाहिलं नाही. आत माणसं कण्हतात, हसतात ती बाहेर आल्यावर, थंड पाणी अंगावर घेतल्यावर. जन्म त्या खोलीच्या भिंतीला लागून गेला तुझा, आणि एवढंही तुला ठाऊक नसावं?

आता ते 'वाफेचे बारा फायदे'. यातले निम्मे खरे आहेत, ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चोंदलेलं नाक मोकळं होतं, खरं. आपल्याकडे यायचे ते गायनमास्तर, हिवाळ्यात त्यांचा घसा बसला की दोन दिवस वाफ घ्यायचे आणि बाहेर आल्या आल्या न्हाणीघरातच सूर लावून बघायचे. आखडलेलं अंग सैल होतं, हेही खरं. दिवसभर मशिनवर वाकून बसणाऱ्या शिंप्याची पाठ मी माझ्या डोळ्यांनी सरळ होताना पाहिलीय. झोप चांगली लागते, मन थोडं निवतं. पण 'वजन उतरतं' हे कुठल्या तोंडानं लिहिलंस? उतरतो तो घाम. दोन पेले पाणी प्यायलं की वजन पुन्हा घरी हजर. आणि 'शरीरातली सगळी विषं बाहेर पडतात' म्हणे. त्यासाठी देवानं मूत्रपिंडं दिलीत, तुझी खोली नाही दिली. अप्पा असते तर पत्रक गुंडाळून बॉयलरमध्ये टाकलं असतं आणि वर तुलाच ते जळेपर्यंत बघत बसायला लावलं असतं. बाराव्या फायद्याखाली जागा उरलीय म्हणून तू फुलाचं चित्र काढलंयस. तिथे लिहायचं होतंस की रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारून यावं, दारू पिऊन येऊ नये, पोटुशीनं येऊ नये, आणि पंधरा मिनिटांच्या वर कुणीच बसू नये. फूल काय करणार आहे, घेरी आलेल्याला पकडणार आहे?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर तुझ्या पत्रकात कुठेच नाही. स्टूल. चित्रात दार आहे, नवं, काचेचं. पण दाराबाहेर स्टूल नाही. आपल्या वाफेच्या खोलीची सारी अब्रू त्या लाकडी तीनपायी स्टुलावर होती. आत कुणीही असो, बाहेर स्टुलावर माणूस असायलाच हवा. दर पाच मिनिटांनी दार वाजवायचं आणि आतल्याला काहीतरी विचारायचं. 'बरं आहे ना?' असलं विचारायचं नाही. अप्पांचा तो कायदाच होता. म्हणायचे, माणूस पडायच्या बेतात आला तरी सवयीनं 'हो' म्हणतो, 'हं' म्हणतो. हं म्हणजे उत्तर नव्हे, नुसता श्वास. म्हणून असं विचारायचं की आतल्याला डोकं चालवावं लागेल. मग मी पोस्टमनला विचारायचे, आज किती जिने चढलात? शिंप्याला विचारायचे, तुमच्या चपलांचा रंग कोणता? तो चिडायचा, म्हणायचा, ताई, त्या तुमच्यासमोरच तर पडल्यात. पण चिडला म्हणजे शुद्धीत आहे, एवढं मला पुरायचं. नवी गिऱ्हाइकं हसायची. त्यांना वाटायचं, दाराशी बसून बसून ही बाई वेडी झालीय. एकोणीस वर्षांत माझ्या पाळीत एकही माणूस आत पडला नाही. पुढे मी काय लिहिणार आहे ते तुला ठाऊक आहे असं वाटून पत्र बाजूला ठेवू नकोस.

तू स्टूल काढलंस आणि त्याजागी बटण बसवलंस. त्रास झाला तर दाबा. अरे शहाण्या, ज्याला घेरी येते त्याला स्वतःचे पाय सापडत नाहीत, बटण कुठलं सापडणार? काचेतून आतला दिसतो म्हणतोस. वाफ भरल्यावर काचेतून काय दिसतं? पांढरं. हे सगळं मी एकवेळ गिळलंही असतं. तुझा धंदा, तुझी काच, तुझ्या बायकोनं निवडलेली ती सुगंधी तेलं. मी कोण तुझ्या डोक्यावर मिरे वाटणारी? पण चिठ्ठीच्या शेवटी तू सहज लिहावं तसं लिहिलंयस की, हल्ली आईपण येते, रोज, गुडघ्यांना बरं वाटतं, एकटीच बसते वीस मिनिटं, मजेत असते. ते वाचलं तेव्हा मी लॉन्ड्रीत होते. हातात इस्त्री होती. दवाखान्याच्या चादरीला भोक पडलं, मुकादमानं झापलं, तोवर मला जळल्याचा वासही आला नव्हता. आई एकाहत्तर वर्षांची आहे. सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची गोळी घेते. आणि जन्मात तिनं कशालाही 'हं'च्या पलीकडे उत्तर दिलेलं नाही, हे तुला माहीत नाही?

आता जुनं काढते. काढायला हवं. अप्पांशी माझं का फाटलं होतं ते तुला अर्धंच माहीत आहे. त्या वर्षी त्यांना खोलीच्या मागे नवा बॉयलर बसवायचा होता आणि सगळा कारभार एकाच्या हाती द्यायचा होता. मी एकोणीस वर्षं दाराशी, तू दोन वर्षं इकडे-तिकडे हुंदडणारा. आणि अप्पा जेवताना, भात कालवता कालवता, म्हणाले की बॉयलर धाकट्याकडे, बाईमाणसाच्या हाती बॉयलर देत नाहीत. एवढंच. मी ताटावरून उठले नाही, भांडले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. सतरा दिवस अबोला. कामाचं काही असलं तर चिठ्ठी लिहून त्यांच्या टेबलावर ठेवायची. तेही हट्टी, चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहायचे. तू तेव्हा मध्ये पडला नाहीस. मूग गिळून बसलास, कारण बॉयलर तुझ्या ताटात पडला होता. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

तो दिवस तुला तोंडपाठ असेल. अप्पांची पाठ धरली होती, दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, ते आत जाऊन बसले. स्टुलावर तुझी पाळी होती. पहिला प्रश्न तू विचारलास, मी गल्ल्यावरून ऐकला: अप्पा, नव्या बॉयलरला नट किती? त्यांनी आतून आकडा सांगितला आणि वर तुला गाढव म्हणाले. मग रस्त्यापलीकडे ती येऊन उभी राहिली, जी आज तुझी बायको आहे. तू चप्पल पायात अडकवत माझ्या बाजूला ओरडलास, ताई, जरा बस, दहा मिनिटांत आलो. आणि मागे वळून न बघता गेलास. परत आलास तेव्हा दार सताड उघडं होतं, वाफ बाहेर लोटत होती, मी अप्पांचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसले होते. आईनं विचारलं, स्टुलावर कोण होतं? तू म्हणालास, मी ताईला सांगून गेलो होतो. मी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, पाण्याचा पंप चालू होता. वर म्हणाले, मी आले तेव्हा स्टूल रिकामं होतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका; दहा मिनिटं आधी आणलं असतं तर वाचा तरी राहिली असती. त्यानंतर वर्षभर आई तुझ्याशी धड बोलली नाही. सगळ्या नात्यागोत्यात तुझं एकच नाव झालं, स्टूल सोडून पोरीमागे गेलेला.

अप्पा पुढे आठ महिने जगले, एक शब्द न बोलता. डावा हात तेवढा चालायचा. मी खोलीत पाऊल टाकलं की त्या हातानं ते पलंगाच्या दांड्यावर दोनदा वाजवायचे. टक, टक. आई म्हणायची, पाणी हवं असेल. तू म्हणायचास, ताईला बोलावत असतील, जुना अबोला मिटवायचा असेल. मी पाणी द्यायचे आणि बाहेर जायचे. ते गेल्यावर महिन्याभरात मी काम सोडून इथे लॉन्ड्रीत आले. लोक म्हणाले, बिचारीनं मनाला लावून घेतलं. त्यांचं बरोबर होतं. मात्र काय लावून घेतलं ते कुणी विचारलं नाही.

तू स्टूल का काढलंस ते मला कळतं. मेल्या, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तुला वाटतं, माणूस जागचा उठतो, यंत्र उठत नाही. पण मला तुझं ओरडणं ऐकू आलं होतं. पंप बंद होता. मी उठले, गेले, बसले. दहाव्या मिनिटाला दार वाजवलं, दोनदा. विचारलं काही नाही. सतरा दिवसांचा अबोला, मी का म्हणून आधी बोलू? आतून 'हं' आलं. पंधराव्या मिनिटाला पुन्हा वाजवलं, पुन्हा 'हं' आलं, जरा खोल. ते ऐकून मला कळलं होतं, धाकटोबा. एकोणीस वर्षं मी ते काम केलं होतं, मला कळलं होतं की हे उत्तर नव्हे. तरी मी स्वतःशी म्हटलं, हट्टीपणा करतायत, बोलायचं नाही म्हणून हं करतायत. दार उघडलं तर आपण हरलो. विसाव्या मिनिटाला 'हं'ही आलं नाही, तेव्हा उघडलं. हे पत्र मी तुला माफी मागायला लिहीत नाहीये. तुझ्यावरचा माझा राग आहे तसाच आहे, आणि तुझा माझ्यावर आता सुरू होईल, तो होऊ दे. लिहितेय ते आई रोज त्या खोलीत एकटी बसते म्हणून. तू माझ्या खोट्यावर ती काच बसवलीस आणि आता आईला तिच्या आड ठेवलंस. तुला माझे चार शब्द हवे होते ना, हे घे: स्टुलावर मी बसले होते. छापायचे तर फोटोसकट छाप. नसतील छापायचे तर आईला वाचून दाखव, आणि उद्या तिला आत पाठवण्याआधी दाराशी माणूस बसव, तोंड उघडून विचारणारा. ज्याचं तिच्याशी भांडण नाही असा बघ.

तुझीच, आता तुला नको असले तरी,
ताई