घराचे कागद मी स्वतः तपासले

३ मार्च
घर पसंत. विकणारा रसेल क्विम्बी सज्जन, हात घट्ट दाबतो. व्यवहार बघणाऱ्या मिसेस पुलास्की म्हणाल्या, टायटल इन्शुरन्स घ्या. मालकीत मागचं काही लफडं निघालं तर कंपनी कोर्टात लढते, नुकसानही भरून देते. हप्ता एकदाच, नऊशे डॉलर. मी हसलो. घर काय पळून जाणार आहे?

५ मार्च, दुपारी
काउंटीच्या कचेरीत जाऊन कागद स्वतः तपासले. चाळीस मिनिटांत चाळीस वर्षं! सगळं स्वच्छ. घर आधी क्विम्बी आणि त्याची बहीण आर्डिथ यांच्या नावावर होतं. तिने आपला हिस्सा त्याला देऊन टाकलाय. काय सुंदर सही!
डोरीन म्हणाली, "अरे मर्ल, तू दातांचे एक्स-रे काढतोस. तुला सह्यांतलं काय कळतं?"
बायकोला माझी किंमत नाही.

१२ मार्च
खरेदी झाली. कर्ज देणाऱ्या बँकेने विमा घ्यायला लावलाच, हप्ता माझ्याकडून. पुलास्कीबाई म्हणतात, तो बँकेपुरता, तुमचा नाही. असो. विमा तो विमा.

१९ जून, सकाळी सात
दारात सत्तरीच्या एक बाई. म्हणे, मी आर्डिथ, मी कुठेच सही केलेली नाही. मी हिस्सा दिल्याचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावला. "रसेलचं अक्षर लहानपणापासून छान."

२० जून
पुलास्कीबाई म्हणाल्या, खोटी सही दप्तरात खरीच दिसते, विमा त्यासाठीच असतो. कंपनी बँकेला सांभाळेल. मला कोण, ते सांगितलं नाही.
क्विम्बीचा फोन बंद. रेंज नसेल.

४ ऑगस्ट
वकील म्हणतो, अर्धं घर बाईंचंच.
उद्या बाईंना भेटून हिस्सा विकत घेणार. माझ्यासारखं पटवायला कुणाला जमतं?

५ ऑगस्ट
तासभर पटवलं. बाई म्हणाल्या, "विकणार नाही. आई इथंच गेली. मीच राहायला येते." डोरीनने त्यांना कॉफी दिली, वर केकही.

२ सप्टेंबर
आर्डिथबाई वरच्या मजल्यावर. दोघींचं फारच जमलंय. आज मिळून टपालपेटी रंगवली, नावं घातली. माझं सगळ्यांत खाली, पेन्सिलीने. म्हणे, रंग संपला.