जाखडीच्या रिंगणात बाबा

बाबा, आज सोसायटीच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी नाचाचा वर्ग सुरू झाला. तोल जाऊन पडू नये म्हणून आता नाच शिकवतात. सुनेने माझंही नाव घातलं. शिकवणारी मुलगी म्हणाली, "आजी, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्या," आणि मला घाटकोपरची आपली चाळ आठवली.

गिरणी बंद पडलेली, आई आधीच गेलेली, आणि त्यात तुम्ही संडासाच्या ओल्या पायरीवर घसरलात. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. भिंत धरून तुम्ही उठता, दारापर्यंत येता आणि परत खाटेवर जाऊन बसता. मी मुलुंडला कंपनीत कामाला जायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेली. एकदा मी चिडले, तेव्हा तुम्ही खाली बघत म्हणालात, "प्यायलं की जावं लागतं गं."

गणपती जवळ आले तशी अंगणात जाखडीची तालीम सुरू झाली. गावी असताना तुम्ही त्या नाचात पुढे असायचात. गिरणीत तुमच्याच खात्यात असलेले शेजारचे काका आपल्या भावाला घेऊन दारात आले. "चल." तुम्ही म्हणालात, "पडेन मी." "मग आम्ही दोघं काय नुसते बघत राहणार?"

दोघांनी तुम्हाला रिंगणात आपल्या मधे उभं केलं. ढोलकी सुरू झाली, पण तुमचे पाय उचलेनात. काका म्हणाले, "उचलू नको. नुसता डोल." काही दिवस तुम्ही नुसतेच डोललात, मग हळूहळू पाय उचलायला लागलात. एका संध्याकाळी वळताना तुमचा तोल गेला. मी दारातून धावले, पण त्याआधीच तुम्ही पाय बाजूला टाकून उभे राहिला होतात. काकांनी विचारलं, "हललास. पडलास काय?" "नाय," म्हणालात, आणि कितीतरी महिन्यांनी हसलात. दुसऱ्या दिवशी एकटे संडासला जाऊन आलात आणि चहा मागितलात.

पुढे काही वर्षांनी तुम्ही तापाने गेलात. तोवर पाणी भरण्याखेरीज मला तुमचं काही करावं लागलं नाही.

वर्ग संपल्यावर त्या मुलीने विचारलं, "भीती वाटते का, आजी?" चारचौघींत मी नाही म्हटलं. हे पत्र काही कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. वाटते, बाबा.